पितळेची रेघ

गाडी पाहायला गेलं की डिगांबरकाका आधी चप्पल काढायचे. विक्रेत्याच्या दुकानातली गुळगुळीत फरशी असो की कुणाच्या अंगणातली माती, चप्पल बाजूला ठेवून ते तळपाय रुमालाने पुसायचे आणि मागचं दार उघडून अनवाणी आत बसायचे. मग मॅट उचलून पाय पत्र्यावर हळूहळू फिरवायचे. विकणारा हसायचा. "काका, देवळात आले काय?" काका त्याच्याकडे पाहायचेही नाहीत. त्यांचं सगळं लक्ष पायांत असायचं.

अमरावतीत मी त्यांच्या घरी अडीच वर्षं भाड्याने राहिलो. चांदूर बाजारजवळच्या खेड्यातून कॉलेजसाठी आलो होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे शहरात कुणाशी कसं बोलायचं, कुणाला काय विचारायचं, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी कमी बोलायचो. काकाही कमी बोलायचे. बहुधा म्हणूनच आमचं जमलं. त्यांच्याबद्दल लिहावं की नाही, यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. पण जे त्यांनी मला सांगितलं ते पुढे त्यांनी स्वतःच इतरांनाही सांगितलं, म्हणून लिहितो आहे.

डिगांबर तायडे. वय साठीच्या आसपास, अंगाने वाळलेले, खाकी पॅंट आणि बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट. उजव्या हाताचा अंगठा चपटा आणि रुंद, चमच्यासारखा. तीस वर्षं ते डेंटर होते. अपघातात चेपलेल्या गाडीचा पत्रा ठोकून सरळ करायचा, फाटला असेल तिथे जोडायचा, वरून पुट्टी भरून घासायची आणि गाडी रंगाऱ्याच्या ताब्यात द्यायची, हे त्यांचं काम. मी राहायला गेलो तेव्हा ते त्यांनी सोडलं होतं. घरापुढच्या टिनाच्या शेडमध्ये ते खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं, कूलरचे स्टँड बनवायचे. काम सोडल्याचं कारण विचारलं की शांताकाकू, म्हणजे त्यांची बायको, मध्येच बोलायची, "छातीत रंग गेला त्याहिच्या." आणि विषय बदलायची.

रविवारी मात्र लोक त्यांना जुनी गाडी पाहायला न्यायचे. साध्या लहान गाडीचे ते पाचशे रुपये घ्यायचे. पण जोरदार इंजिनाची, पळणारी गाडी असली की एक पैसा घ्यायचे नाहीत. उलट स्वतःचं तिकीट काढून बसने अकोल्याला जायचे, एकदा तर खामगावपर्यंत गेले. मोहल्ल्यातल्या पोरांना वाटायचं, म्हातारा शौकीन आहे. मलाही तसंच वाटायचं.

अशी गाडी घेऊ पाहणारी पोरं बहुतेक एकाच प्रकारची असायची. नोकरी नवी, बजेट चार-पाच लाख. तेवढ्यात नवी लहान गाडीसुद्धा धड येत नाही, पण दहा-बारा वर्षं जुनी, परदेशी बनावटीची, दोनशे घोड्यांच्या इंजिनाची गाडी येते. मोबाइलवर तिचा फोटो पाहिला की पोरांची झोप उडायची. काका त्यांना शेडमधल्या बाकावर बसवून एकच गोष्ट विचारायचे.

"खिशात किती हायेत?"

"पाच."

"मंग तीनची पाहा. दोन तिच्या खुराकाले ठेव."

"काका, तीनमंदी अशी गाडी भेटते का?"

"नाई भेटत. मंग नोको घेऊ. घरी जाय, माय वाट पाहून राहिली असन."

पोरगं हिरमुसलं की ते थोडं मऊ व्हायचे. "हे पाय बापू, ही गाडी बुडालेल्या सावकारावानी असते. इकत घेताना सस्ती, पन सवयी जुन्याच. तेल तिले तेच लागते, टायर तेच, ब्रेक तेच. किंमत उतरते, खर्च नाई उतरत."

एकदा सुट्टी होती म्हणून मीही त्यांच्यासोबत अकोल्याला गेलो होतो. परतवाड्याच्या एका पोराला लाल रंगाची गाडी घ्यायची होती. गाडी इतकी चकचकीत होती की त्याने तिच्यासोबत आधीच चार फोटो काढून घेतले होते. काकांनी चप्पल काढली, आत बसले, पाय फिरवले. मग मागच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला. पट्ट्याच्या अगदी टोकाला, जो भाग कधी बाहेर येत नाही तिथे, मातकट रंगाची आडवी खूण होती.

"हे दिसलं का? इथलोक पानी होतं. गाडी पुरातून निंगाली हाय."

दलाल खवळला. "तायडे, दुसऱ्याचा धंदा चालला तं तुमचं पोट दुखते काय?"

"माहं नाई दुखत. ह्या पोट्ट्याचं पुढच्या पावसाळ्यात दुखन."

परतताना बसमध्ये पोरगा मोबाइलमधले ते चार फोटो पुन्हा पुन्हा पाहत बसला. बडनेऱ्याला उतरताना मात्र त्याने वाकून काकांच्या पायाला हात लावला.

त्या दिवशी मी आणखी एक गोष्ट नीट पाहिली. पायाने पत्रा तपासून झाला की काका मधल्या खांबावरचं, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दाराच्या मधल्या खांबावरचं, रबर ओढून काढायचे. त्याखाली कारखान्यातल्या जोडकामाचे गोल टिपके असतात, एका रांगेत. दर दोन टिपक्यांच्या मध्ये ते आपला चपटा अंगठा ठेवायचे. एक, दोन, तीन, चार. ओठ हलायचे. मग रबर परत बसवून ते मोठा श्वास सोडायचे. त्यानंतर ते एकदम मोकळे व्हायचे. कचोरी मागवायचे, दलालाची थट्टा करायचे, गाडी खराब निघाली असली तरीही. मी विचारलं, "काका, अंगठ्यानं काय मोजता?"

"सवय हाय," ते म्हणाले.

वरच्या मजल्यावरच्या खोलीत माझ्यासोबत निलेश राहायचा. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. कौंडण्यपूरकडच्या गावचा. वडील नव्हते, आई गावी. पिकांवर फवारायची औषधं विकणाऱ्या कंपनीत तो विक्रेता होता आणि दिवसभर मोटारसायकलवर खोके बांधून तालुक्या-तालुक्याने फिरायचा. त्याच्या कपड्यांना, उशीलाही त्या औषधांचा वास असायचा. उन्हाळ्यात त्याचं लग्न ठरलं, मुलगी अकोल्याची. त्याच आठवड्यात त्याने मोबाइलवर मला एक करडी गाडी दाखवली. किंमत पाच लाखांच्या थोडी आत. त्याने पाच वर्षांत साठवलेलं सगळंच तेवढं होतं.

काकांनी त्यालाही बाकावर बसवलं. तीनची पाहा, दोन ठेव. निलेश हसला.

"काका, जिंदगीभर फटफटीवर विषाच्या बाटल्या वाहून राहिलो. माह्या अंगाचा वास मलेच येते. एकडाव तं माणसावानी बसू द्या."

काकांनी हातातला हातोडा खाली ठेवला. मग म्हणाले, "रविवारी जाऊ."

रविवारी आम्ही तिघं बसने अकोल्याला गेलो. दलालाचं दुकान बायपासकडे होतं. करडी गाडी लिंबाखाली उभी होती, बसकी, रुंद, गप्प. मला गाड्यांतलं कळत नाही, पण तिच्याभोवती मीही एक फेरी मारली. काका चप्पल काढून आत बसले. पाय फिरवता फिरवता एका जागी थांबले. पुन्हा मागे आणले. बाहेर येऊन त्यांनी खांबावरचं रबर ओढलं. एक, दोन, तीन, चार. पुढे पाच, सहा, सात, अगदी खालपर्यंत. या वेळी श्वास सोडला नाही. दुसऱ्या बाजूला गेले. तिथेही खालपर्यंत.

तेवढ्यात ऑटो येऊन थांबला आणि निलेशची आई उतरली. दुपारी साडेबाराच्या आत पूजा व्हावी असं गावात कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून ती माऊली ताट सजवूनच निघाली होती. हळद, कुंकू, नारळ, चार चाकांखाली ठेवायला चार लिंबं. निलेश म्हणाला, "आई, काकाचं पाहनं होऊ दे." ती म्हणाली, "पाहतीन ना त्याहीचं ते, मी माहं करतो." आणि तिने गाडीच्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायला घेतलं. वडिलांशिवाय वाढवलेल्या मुलाची पहिली गाडी. प्रत्येक रेघ ती दोनदा गिरवत होती.

तायडे बौद्ध. अशा पूजेत ते एरवी दोन पावलं मागे उभे राहायचे, अवघडून नव्हे, सहज. त्या दिवशी ते मागे सरकले ते थेट लिंबाच्या खोडाला टेकेपर्यंत. ओवाळून झालं. मग निलेशची आई ताट हातात घेऊनच त्यांच्यासमोर आली.

"भाऊ, आमाले यातलं काई समजत नाई. तुमी पाहलं न? तुमीच सांगा. घ्याव का?"

मी काकांकडे पाहत होतो. ते ताटाकडे पाहत होते.

"घ्या," ते म्हणाले.

परतताना निलेश चालवत होता, आई पुढे. मागे काका आणि मी. काका सीटच्या मध्यभागी सरकून बसले होते आणि त्यांनी दोन्ही हात पसरून दोन्हीकडच्या खांबांना तळवे लावले होते, जणू गाडी आतून धरून ठेवली होती. निलेशने वेग वाढवला की ते म्हणायचे, "साठच्या वर नोको." निलेश हसायचा. "काका, साठ तं माही फटफटी बी जाते." मूर्तिजापूर आलं तसं काकांनी डोळे मिटले. गाव मागे पडेपर्यंत उघडले नाहीत. मला वाटलं, गाडी लागते त्यांना.

त्यानंतर ते बदलले. सकाळी निलेश निघायच्या आधी फाटकात येऊन उभे राहायचे. "आज कुठलोक?" "चांदूर रेल्वे." "सावकाश." संध्याकाळी गाडी परत येईपर्यंत शेडमध्ये हातोडा वाजायचा नाही. काकूने एकदा मला विचारलं, "अमोल, अकोल्याले काई झालं का रे? जेवत नाईत हे." मी नाही म्हणालो. मला खरंच माहीत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी निलेश अंगणात गाडी धूत होता. मला सांगत होता की काल वर्धा रोडवर काटा एकशे साठला लागला आणि पाण्याचा ग्लाससुद्धा हलला नसता. काका शेडमधून आले.

"निलेश, नळ बंद कर."

त्याने केला. मग काकांनी उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांचे शब्द मला जसे आठवतात तसे लिहितो.

"ही एक गाडी नोहे. दोन हायेत. पुढची अर्धी एका गाडीची, मागची अर्धी दुसरीची. एक मांगून ठोकलेली होती, एक समोरून. वर्कशॉपच्या मालकानं दोन्ही भंगारात घेतल्या आन मले म्हनलं, याची एक कर. मधातून कापली, जोडली. लोखंडाचं वेल्डिंग केलं का पातळ पत्रा वाकडा होते, म्हनून पितळ भरलं. पितळानं पत्रा वाकडा नाई होत, पन त्याच्यात जोर नाई. वरतून कंपनीसारखे टिपके पाडले. कंपनीचं माप मायाकडं नोयतं, म्हनून आंगठा ठेवून ठेवून पाडले. चेसिसचा नंबर पुढच्या भागावर ठोकलेला असते, म्हनून कागद साफ. अशा दोन गाड्या केल्या मी. लय नाव झालं माहं."

निलेशच्या हातातलं फडकं गळत होतं.

"पहिली मूर्तिजापूरजवळ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीले लागली. पुढं बसलेले वाचले. मांगं दोन पोरी होत्या, बहिनी. गाडी ओढून आमच्याच वर्कशॉपात आणली. मी पाहली. मोडली नोयती रे ते. उसवली होती. जिथून मी शिवली, तिथूनच. त्या दिवशी काम सोडलं. दुसरी कुठं गेली मालकाले इचारलं, त्यानं सांगतलं, इकली. नंबर मले माईत नाई, रंग बदलला असन. आठ वर्सं झाले, तिलेच हुडकून राहिलो होतो."

मला तेव्हा कळलं, की तो चपटा अंगठा इतकी वर्षं काय शोधत होता आणि दुसऱ्याच्या टिपक्यांत बसला नाही की कचोरी का मागवली जायची.

निलेश फार हळू बोलला. "मंग तुमी घ्या काहून म्हनलं?"

"तुह्या मायच्या हातात ताट होतं. मी मनात म्हनलं, दुसऱ्याच्या शुभकामात तायड्यानं तोंड कायले घालाव." ते थांबले. "पन थे निमित्त होतं. नाई म्हनलं असतं तं काहून नाई, हे सांगा लागलं असतं. चार मानसात. ते नाई झालं मायाच्यानं."

निलेश दुसऱ्या दिवशी अकोल्याला गेला. दलालाने त्याला चहा पाजला आणि म्हणाला, "तुमच्याच मानसानं पाहून, रबर काढून पाहून घेतली गाडी. आता माहा काय संबंध?" निलेश तसाच परत आला. लग्नाला पाच आठवडे उरले होते आणि त्याच्याजवळ दुसरा पैसा नव्हता.

चार दिवसांनी त्याने तीच गाडी मोबाइलवर विकायला टाकली. मी पाहिलं. मी म्हणालो, "निलेशभाऊ, हे..." तो म्हणाला, "मले फसवलं तवा कोनी आलं का मधात? मी कोनाले मारून नाई राहिलो. हळू चालवली तं चालते ना ते." आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

गिऱ्हाईक मिळालं धारणीकडचं. एक शिक्षक, तिकडच्याच शाळेवर. बायकोला दिवस गेलेले, आधीचं एक मूल वाटेतच गेलेलं. जीपची वाट पाहण्यात वेळ गेला होता. म्हणून घाटातून लवकर खाली उतरवणारी, जोरदार गाडी पाहिजे होती आणि पैसे कमी होते. हे सगळं तो फोनवर सांगत होता. निलेशने फोन स्पीकरवर ठेवला होता आणि काका खाली शेडमध्ये ऐकत होते.

फोन ठेवून निलेश जिन्यावरून खाली बघत म्हणाला, "काका, रविवारी ते येऊन राहिले. तुमी फकस्त घरात बसा, बोलू नोका. सवय हाय ना तुमाले."

मला आठवतं, तेव्हा त्यांच्या हातात कूलरच्या स्टँडचा पाय होता आणि तो त्यांनी कितीतरी वेळ तसाच धरला होता.

रविवारी सकाळी नऊला निलेश मोटारसायकल घेऊन बसस्टँडवर गेला. पंधरा मिनिटं झाली असतील. मी वर अभ्यासाला बसलो होतो. खालून ग्राइंडरचा आवाज आला. रोजचाच आवाज, म्हणून लक्ष दिलं नाही. मग तो अंगणातून येतोय हे जाणवलं.

काकांनी शेडमधून वायर ओढून आणली होती. गाडीच्या छतावर, खांबांच्या वरच्या रेषेत, ते चाक फिरवत होते. करडा रंग उडत होता, त्याखालून पांढरी पुट्टी भुकटी होऊन खाली पडत होती. मी जिन्यावर उभा राहिलो. मी त्यांना थांबवू शकलो असतो. थांबवायला हवं होतं की नको, हे मला अजूनही ठरवता येत नाही. निलेशच्या आईचं स्वस्तिक गिरवणारं बोट मला दिसत होतं.

"अमोल, समोर नोको उभा राहू, ठिणग्या लागतीन," ते म्हणाले.

पुट्टी गेली आणि खालून पितळ निघालं. करड्या पत्र्याच्या मधोमध एक पिवळी रेघ, या काठापासून त्या काठापर्यंत, उन्हात चमकणारी. काम खरंच सुंदर होतं. कुठे थेंब नाही, कुठे वळण नाही. काकांनी हात थांबवून तिच्याकडे पाहिलं. मग चाक बदललं, पातळ कापायचं लावलं आणि त्या रेघेवरच टेकवलं. छत कापलं. दोन्हीकडचे खांब कापले. काकू दारात आली होती. तोंडावर पदर दाबून ती नुसती उभी राहिली. तिला माहीत असणार, इतकी वर्षं.

निलेश शिक्षकाला घेऊन आला तेव्हा ग्राइंडर बंद झालं होतं. शिक्षक तिशीचा, सावळा, हातात पैशांची कापडी पिशवी. काका त्याच्याकडेच गेले, निलेशकडे नाही.

"मास्तर, इकडे या. हे पाहून घ्या. ही जोडलेली गाडी हाय. मी जोडली. लेकराबाळाले याच्यात बसवू नोका. कुठंई घ्या गाडी, पन रबर काढून पाहजा." आणि त्यांनी त्याला अंगठा ठेवून टिपके दाखवले, शाळेत दाखवतात तसे, सावकाश.

निलेशने त्यांना ढकललं. काका शेडच्या खांबावर आपटले, चष्मा पडला. निलेशचा हात पुन्हा उठला आणि तिथेच राहिला. मग तोच खाली वाकला, चष्मा उचलला, शर्टाला पुसून त्यांच्या हातात दिला आणि फाटकाजवळ उकिडवा बसला. "आईले काय सांगू मी," एवढंच म्हणत होता. "आईले काय सांगू."

लग्न आधी पुढे ढकललं गेलं, मग मोडलं. काकांनी शेडमधली सगळी यंत्रं विकून आलेले पैसे त्याच्या पलंगावर ठेवले. ते नुकसानीच्या मानाने फार थोडे होते. निलेशने ते घेतले, मोजले नाहीत, आणि नागपूरला निघून गेला. माझा फोन तो उचलत नाही.

काका एका सकाळी पोलीस ठाण्यात गेले, मला सोबत चल म्हणाले म्हणून मी गेलो. त्यांनी तिथल्या हवालदाराला सगळं सांगितलं, दोन पोरींचं, पितळेचं. हवालदाराने ऐकून घेतलं, अगदी नीट ऐकलं. मग म्हणाला, "काका, ते जुनं प्रकरण बंद झालं. अपघात म्हणून. आता तुम्ही म्हणता म्हणून कोण उघडते? घरी जा. उन्हाचं फिरू नका." आम्ही बाहेर आलो. काका पायरीवर उभे राहिले, एखाद्याला चुकीच्या दारातून परत पाठवावं तसे.

"सांगतलं तं ऐकाले बी मानूस लागते," ते म्हणाले.

माझी परीक्षा झाली, मी खोली सोडली आणि अकोल्यात एका कोचिंग क्लासमध्ये शिकवायला लागलो. दर शनिवारी बसने गावी जायचो. एका शनिवारी दुपारी बस मूर्तिजापूरच्या स्टँडवर थांबली आणि मला बाकावर काका दिसले. पांढरा शर्ट, मांडीवर पिशवी. मी खाली उतरलो.

"काका, इथं?"

ते दचकले नाहीत. समोरच्या रस्त्यापलीकडे त्यांनी बोट दाखवलं. पिठाची चक्की होती. आत एक जाडसर, पिठाने पांढरा झालेला माणूस डबे ओतत होता.

"त्या पोरींचा बाप. चार शनिवार झाले, येऊन राहिलो. बसतो आन वापस जातो."

कंडक्टरने घंटी दिली. मी म्हणालो, "मी येऊ का सोबत?"

"नाई. तू जाय. बस जाईन तुही."

मी चढलो. खिडकीशी बसलो. बस मागे घेऊन वळायला लागली आणि फाटकात एका ऑटोने वाट अडवली, म्हणून तिथेच खोळंबली. तेवढ्यात काका उठलेले दिसले. त्यांनी पिशवी बाकावरच ठेवली. रस्ता ओलांडला. चक्कीच्या उंबऱ्याशी उभे राहिले, आत गेले नाहीत. त्यांचे ओठ हलताना मला दिसले. चक्कीच्या आवाजात आतल्या माणसाला ऐकू आलं नाही. त्याने कानाला हात लावला. काका पुन्हा बोलले. त्याने मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून, आणि हातातला डबा खाली ठेवून बटणाकडे हात नेला. पट्टा सावकाश होत होत थांबला. तो माणूस पिठाचे हात झटकत पुढे आला आणि काकांसमोर ऐकायला उभा राहिला.

ऑटो बाजूला झाला आणि आमची बस निघाली.